"बाई, शूला जाऊ?" चालू तासात हे कसं सांभाळायचं

पहिलीच्या वर्गावर असणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा, दिवसभरात सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य कुठलं, तर "बाई, शूला जाऊ?" हेच सांगतील. कोणी करंगळी वर करून विचारतं, कोणी टेबलापाशी येऊन पदर ओढतं, कोणी काहीच न बोलता नुसतं आपल्याकडे बघत राहतं. आणि एकाला सोडलं की मागून सात करंगळ्या वर होतात हेही खरंय. म्हणून बऱ्याच शाळांत सरळ नियमच करून टाकलेला असतो, तास चालू असताना कोणी उठायचं नाही, काय ते मधल्या सुट्टीत उरकून घ्यायचं. मी बावीस वर्षं झेडपीच्या शाळेत पहिली ते तिसरी शिकवतेय आणि माझं मत आधीच सांगून टाकते, आठ वर्षांच्या आतलं मूल शूला जाऊ का म्हणालं तर सोडायचंच, नाही म्हणायचं नाही आणि "थोडं थांब" पण म्हणायचं नाही. पण सोडायचं म्हणजे वर्गाचा बाजार होऊ द्यायचा असं नाही, त्याची एक पद्धत बसवता येते, आणि ती बसली की पंधरा-वीस दिवसांत या गोष्टीवरून कटकट राहतच नाही. ती कशी बसवायची तेच लिहितेय, शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी पण.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पण "थांब" म्हणणाऱ्यातलीच होते. त्या दिवशी केंद्रप्रमुख साहेब वर्गावर येणार होते, पोरं चिडीचूप बसवलेली, आणि पहिलीतल्या एका मुलीने करंगळी दाखवली. मी म्हणाले पाच मिनिटं थांब बाळा, साहेब जाऊ देत. तिने मान हलवली आणि परत पाटीवर अंक काढायला लागली. एक पाय दुमडून टाचेवर दाबून बसली होती आणि पुढेमागे डुलत होती, मला ते दिसत होतं पण मला वाटलं लिहिण्याच्या नादात डुलतेय. मग फरशीवर एक बारीक ओघळ निघाला आणि शेजारच्या मुलाच्या दप्तराखाली गेला. ती रडली नाही, ओरडली नाही, तिने हातातली पाटी त्या ओल्यावर ठेवली, झाकायला. अंक सगळे पुसले गेले. दोन-तीन आठवड्यांनी तिची आई शाळेत आली, म्हणाली बाई, हिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येते, आणि शू करताना आग होते म्हणून रात्री रडते. म्हणजे मी एकदाच थांब म्हणाले आणि त्या सहा वर्षांच्या पोरीने स्वतःपुरता उपाय शोधला, शाळेत पाणीच प्यायचं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला थांबवलेलं नाही.

आता आधी शरीराचा हिशेब समजून घ्या कारण तो माहीत नसला की मूल नाटक करतंय असंच वाटतं. मुलांच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर लोक एक ढोबळ हिशेब करतात, वयात एक मिळवायचा आणि ३० ने गुणायचं, तेवढे मिलिलिटर. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाचे २१० मिलि झाले, जेमतेम एक पेला. मोठ्या माणसाचं याच्या दुप्पट असतं. दिवसातून चार ते सात वेळा शू होणं मुलांमध्ये अगदी नॉर्मल आहे, त्यातल्या दोन-तीन वेळा शाळेतच येणार, त्यात नवल काय. आणि दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची, लहान मूल खेळण्यात किंवा ऐकण्यात रमलं की लागलीये हे त्याला उशिराच कळतं. आपल्याला पोट थोडं जड झालं की कळतं की आता तासाभरात जावं लागेल, त्याला कळतं तेव्हा हातात दोन-तीन मिनिटंच असतात. म्हणून पाच मिनिटं थांब हे त्याच्यासाठी अशक्य असतं, तो हट्ट नसतो.

रोज रोज रोखून धरायची सवय लागली की मग काय काय होतं तर, शू पूर्ण होत नाही, थोडी आत राहते, त्यातून इन्फेक्शन होतं, आणि मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे त्यांना जास्त होतं. संडास रोखला तर बद्धकोष्ठ होतो, आतडं भरलेलं राहिलं की ते मूत्राशयावर दाब देतं, मग पुन्हा शूची घाई आणि चड्डी ओली. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, त्यामुळे ज्या मुलाची चड्डी वारंवार ओली होते त्याच्या आईला मी आधी विचारते की ताई, पोट साफ होतं का रोज.

बरं, पद्धत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच दिवशी, अक्षरओळख वगैरे राहू दे, आधी सगळ्या मुलांना रांगेने स्वच्छतागृहापर्यंत घेऊन जा. मुलींचं कुठलं, मुलांचं कुठलं, कडी कशी लावायची, कशी काढायची, पाणी कुठून घ्यायचं, किती ओतायचं, हात कुठे धुवायचे. हे सांगून भागत नाही, प्रत्येकाकडून कडी लावून काढून घ्या, कारण निम्मी मुलं कडी अडकेल या भीतीनेच आत जात नाहीत. मी तर आमच्या शाळेत लहान मुलींच्या दाराची कडी खाली बसवून घेतली, साधारण त्यांच्या छातीच्या उंचीला, सुताराने शंभर-दीडशे रुपयांत काम करून दिलं आणि फरक लगेच दिसला. घरी कमोड असलेल्या मुलांना शाळेत भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, पाय घसरेल वाटतं, आणि उलटंही होतं, वस्तीवरून आलेल्या मुलाने कमोड कधी पाहिलेलाच नसतो. त्याला कोणी चिडवायच्या आत आपणच दाखवून द्यायचं.

मग वर्गात दोन कार्डं करा. मी पुठ्ठ्याचे दोन गोल कापते, एक पिवळा मुलींचा, एक निळा मुलांचा, वर चिकटपट्टी लावून टाकते म्हणजे भिजत नाहीत, आणि सुतळी ओवून दाराजवळच्या खिळ्याला अडकवते. नियम एकच, खिळ्यावर कार्ड असेल तर माझ्याकडे बघून करंगळी दाखवायची, मी मान हलवणार, कार्ड गळ्यात घालायचं आणि जायचं. तोंडाने विचारायचं नाही, टेबलापाशी यायचं नाही. याने दोन कामं होतात, एक म्हणजे माझं शिकवणं तुटत नाही, आणि दुसरं, लाजऱ्या मुलाला सगळ्या वर्गासमोर मोठ्याने सांगावं लागत नाही. खिळा रिकामा दिसला की बाहेर कोण आहे ते मला कळतं. कार्ड आत न्यायचं नाही, स्वच्छतागृहाच्या बाहेर पण एक खिळा मारलाय, तिथे अडकवायचं आणि हात धुऊन मगच परत घ्यायचं.

आणि कार्ड नसताना खूपच घाई झाली तर? त्यासाठी दोन्ही करंगळ्या. दोन करंगळ्या म्हणजे कार्डाची वाट बघायची नाही, सरळ पळायचं. मुलं याचा फायदा घेतील असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पहिला आठवडा घेतात, खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा खिळा सतत रिकामाच असतो कारण गळ्यात कार्ड घालून ऐटीत फिरायची मजा वाटते. तेव्हा चिडायचं नाही, कार्ड काढून घ्यायचं नाही, दुसऱ्या आठवड्यात मजा संपते आणि तिसऱ्या आठवड्यापासून ज्याला खरंच लागलीये तोच उठतो. जिथे बाई मध्येच चिडून कार्ड बंद करतात तिथे हे कधीच बसत नाही, मी दोन-तीन शाळांत बघितलंय.

आता "सुट्टीत का नाही गेलास?" हा प्रश्न. हा प्रश्न विचारायच्या आधी एकदा घड्याळ लावून गणित करा. समजा शाळेत ६० मुली आहेत, संडास दोन, आणि एका मुलीला आत जाऊन, सलवारची नाडी सोडून, बांधून, पाणी टाकून बाहेर यायला दीड मिनिट. साठ मुलींना एका दारी नव्वद मिनिटं, दोन दारं म्हणून पंचेचाळीस. आणि छोटी सुट्टी असते दहा मिनिटांची! रांगेत मोठ्या मुली पुढे घुसतात, पहिलीतली मागे राहते, घंटा होते, ती तशीच वर्गात येते आणि दहा मिनिटांनी करंगळी वर करते. तिचं काय चुकलं सांगा. स्वच्छ विद्यालय मोहीम २०१४ मध्ये आली त्यात साधारण ४० मुलांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असा हिशेब धरलेला होता, आपल्या शाळेत किती आहेत आणि त्यातली चालू किती, कुलूप लावलेली किती, ते एकदा मोजून बघा.

त्यावर आमच्याकडे साधा उपाय केला, पहिली-दुसरीला घंटेच्या सात-आठ मिनिटं आधीच सोडायचं. लहान मुलं जाऊन येतात तोवर मोठ्यांची सुट्टी होते, ढकलाढकली नाही. मुख्याध्यापकांना यासाठी वेगळी ऑर्डर वगैरे काढावी लागत नाही, फक्त तयार करावं लागतं. आणि परिपाठ झाल्यावर वर्गात शिरायच्या आधी पण एक फेरी, कारण सकाळी घरून दूध-चहा पिऊन निघालेली मुलं तासाभरात भरतातच. केरळमधल्या काही शाळांनी २०१९ मध्ये पाणी प्यायची घंटा सुरू केली ते ऐकलं असेल, चांगलंच आहे, पण पाणी पाजलं की पुढची सोय पण करावी लागते, ती घंटा आपण आपल्या वर्गात वाजवायची.

एकच मूल दिवसातून आठ-दहा वेळा जात असेल तर त्याच्यावर ओरडू नका, आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर त्याची वेळ लिहा. नुसती वेळ, अजून काही नाही. माझ्या वर्गात एक मुलगा रोज जायचा, वही बघितली तर रोज बारा ते साडेबारा, म्हणजे पाढ्यांचा तास. त्याला सातचा पाढा येत नव्हता आणि उभं राहून म्हणावं लागेल या भीतीने त्याला खरोखर शू लागायची, भीतीने लागते, ते खोटं नसतं. मी त्याचा पाढा उभ्याने न घेता शेजारी बसवून घ्यायला लागले, दहाएक दिवसांत फेऱ्या थांबल्या. पण वहीत वेळ कशीही येत असेल, दिवसभर येत असेल, तर मात्र घरी कळवा. शू करताना आग, ताप, ओटीपोटात दुखणं असेल तर लघवी तपासून घ्यायला सांगा. आणि मूल सारखं पाणी पितंय, सारखं जातंय आणि वजन उतरतंय, मरगळलेलं दिसतंय असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला सांगा, लहान मुलांतल्या डायबेटिसची सुरुवात अशीच होते आणि त्यात थांबून चालत नाही.

कपडे ओले झालेच तर. होणारच वर्षातून चार-पाच वेळा, कितीही सोय केली तरी. माझ्या कपाटात एक डबा असतो, त्यात दोन-तीन मापाच्या चड्ड्या, दोन लेगिंग, एक जुना टॉवेल आणि प्लास्टिकच्या पिशव्या, हे सगळं गावातल्या आयांनीच लहान झालेले कपडे दिले त्यातून जमलंय. ओलं दिसलं की मोठ्याने "अगं बाई, काय केलंस हे" म्हणायचं नाही. मी माझीच पाण्याची बाटली त्या जागेवर सांडते आणि म्हणते, अरे माझं पाणी सांडलं, चला जरा सगळे बाहेर कट्ट्यावर बसू या, गोष्ट सांगते. वर्ग बाहेर जातो, मदतनीस मावशी त्या मुलाला घेऊन जाते, पाच मिनिटांत तो कपडे बदलून गोष्टीत येऊन बसतो. कोणाला कळत नाही. ओले कपडे पिशवीत गाठ मारून दप्तरात, आणि आईला फोन करून हळूच सांगायचं, ताई, आज जरा कपडे भिजलेत, त्याला काही बोलू नका. पुसायला त्या मुलालाच लावायचं, उभं करायचं, दुसऱ्यांना हसू द्यायचं, हे तर अजिबात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मारायला जशी बंदी आहे तशी मानसिक त्रासाला पण आहे, आणि शूला न सोडणं ही शिक्षा म्हणून वापरणं माझ्या मते त्यातच येतं.

पण इतकं सगळं करूनही मुलं जात नसतील तर स्वतः जाऊन त्या स्वच्छतागृहाचा वास घेऊन या. खरं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. नळाला पाणी नाही, बादली फुटलेली, पाण्याचा मग गायब, बल्ब उडालेला, दाराला खालून फट, पावसाळ्यात शेवाळ. आपण शिक्षक लोक स्टाफचं वेगळं वापरतो म्हणून आपल्याला कळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत असं स्पष्ट आहे, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळ्या शाळांत ती करायला सांगितली, बांधली पण गेली बऱ्याच ठिकाणी, अडतंय ते रोजच्या धुण्यापुसण्यावर. त्यासाठी पैसे कुठून, तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेमधून शाळेला खर्चासाठी जे संयुक्त अनुदान येतं त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय पहिल्या नंबरला घ्या. समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असतात, तेव्हा आयांना बैठकीच्या आधी एकदा नेऊन ते स्वच्छतागृह दाखवा, मग मला काही बोलावंच लागत नाही. धुण्याची वेळ पण बघा, शाळा भरायच्या आधी एकदा आणि मधली सुट्टी संपल्यावर एकदा, सुट्टीनंतरचंच जास्त गरजेचं आहे.

सुरक्षेचं. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेच्या स्वच्छतागृहात चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाले त्यानंतर बऱ्याच पालकांना वाटतं की नकोच, मुलीला तासात एकटी सोडूच नका. ती भीती खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. पण म्हणून मुलीने रोखून धरायचं हे उत्तर होऊ शकत नाही, तिच्या वाटेवर विश्वासातली बाईमाणूस असणं हे उत्तर आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे मावशीच असावी, पुरुष कर्मचाऱ्याने तिकडची साफसफाई मुलं शाळेत असताना करू नये, शौचालयाचा रस्ता वर्गातून किंवा ऑफिसमधून दिसावा. बालवाडी आणि पहिलीला जोडीने पाठवा, जोडीदार बाहेर थांबतो. द्विशिक्षकी शाळेत मावशी कायम नसते, मी एकटी दोन वर्ग घेते तेव्हा चौथीची मुलगी सोबत देते आणि माझी खुर्ची दारात ओढून घेते. चार-पाच मिनिटांत परत आलं नाही तर उठून बघायचं, हे शिकवण्याइतकंच आपलं काम आहे.

आई-बाबांनी काय करायचं ते थोडक्यात. गणवेशाला पहिली दोन वर्षं इलास्टिक लावा, तो बेल्ट, हुक आणि घट्ट बटण लहान बोटांना उघडत नाही आणि निम्मे अपघात तिथेच होतात, शाळा बेल्टचा आग्रह धरत असेल तर शाळेशी बोला. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी स्वतःहून कपडे काढून घालायची सवय करा. सकाळी दहा मिनिटं लवकर उठवा म्हणजे संडास घरी होईल. आणि शाळेत शू लागेल म्हणून पाणी कमी देऊ नका, हे बऱ्याच घरांत होतं, "जास्त पिऊ नकोस, बाई सोडणार नाहीत" असं मूल निघताना सांगितलं जातं. त्यापेक्षा बाईंना डायरीत चार ओळी लिहा, बाई, हिला रोखता येत नाही, विचारलं की कृपया सोडाल का. बहुतेक बाई सोडतात. नाही सोडलं तर मुख्याध्यापकांना भेटा, मग समितीत मांडा, तिथेच बहुतेक मिटतं. मुलाला मात्र एक गोष्ट घरी सांगून ठेवा, खूपच लागली आणि कोणी सोडलं नाही तर तू उठून जा, मी नंतर येऊन बोलेन शाळेत. काही शिक्षकांना हे आवडणार नाही, पण मी माझ्या मुलाला हेच सांगितलं होतं.

आणि रोज संध्याकाळी दप्तर उघडलं की आधी डबा नका बघू, पाण्याची बाटली बघा. भरलेली परत आली तर मुलाला रागवायचं नाही, शांतपणे विचारायचं, शाळेतली शूची जागा कशी आहे रे, तिथे काय आवडत नाही. दोन दिवसांत सगळं बाहेर येतं, पालीपासून ते दार ढकलणाऱ्या मोठ्या पोरांपर्यंत.

एक राहिलंच, शाळा सुटतानाचं. शेवटच्या घंटेला मुलं दप्तर घेऊन पळतात आणि मग व्हॅनमध्ये नाहीतर रिक्षात पाऊण तास, आमच्याकडच्या वस्तीवरच्या मुलांना तर तेवढं चालत. म्हणून शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी माझा वर्ग वह्या भरतो, दोन्ही कार्डं खिळ्यावरून काढून ठेवतो आणि सगळे एकदा जाऊन येतात, लागलेली असो नसो. मग बाटलीत उरलेलं पाणी दारातल्या झाडांना घालतात आणि मगच चपला घालतात.